गाडी नव्हे, युनिट

'काका, तुम्ही फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये होतात म्हणजे मिलिटरीत गाडी चालवायचात का?' गावातली पोरं विचारतात, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगतो.

फील्ड ॲम्ब्युलन्स हे अख्ख्या युनिटचं नाव. डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर उचलणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळे त्यात आले. लढणाऱ्या पलटणीच्या पाठीशी राहायचं, जखमीला उचलून आणायचं, रक्त थांबवायचं, मोडलेल्या हाडाला फळी बांधायची आणि मागच्या हॉस्पिटलात तो जिवंत पोचेल एवढं करायचं. आघाडी सरकली की तंबू गुंडाळून आपणही सरकायचं.

मी मेडिकल कोअरमध्ये भरती झालो तेव्हा लखनौच्या सेंटरला आमच्या उस्तादांनी 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची हकिकत सांगितली होती. आजही कुणी विचारलं, की मी माझं सोडून तीच सांगतो.

कोरियाच्या युद्धात भारताने लढणारी फौज पाठवली नाही, हे युनिट पाठवलं. सुमारे साडेतीनशे माणसं. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, 1941 मध्ये पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. नोव्हेंबर 1950 मध्ये ते बुसानला उतरले, तिथून प्योंगयांगला गेले. डिसेंबर लागतो न लागतो तोच चिनी फौजा चालून आल्या आणि सगळ्यांची माघार सुरू झाली. यांच्याकडे सामान न्यायला पुरेशा गाड्या नव्हत्या. पेट्या तिथेच टाकून जीव घेऊन निघता आलं असतं. पण ऑपरेशनची हत्यारं, औषधं, ड्रेसिंगचं सामान गेलं तर डॉक्टर पुढे जाऊन करणार काय? त्यांनी एक सोडून दिलेलं रेल्वे इंजिन आणि काही डबे शोधून काढले. ओळीने उभं राहून हातोहात बादल्यांनी बॉयलर भरला. इंजिनाची थोडीफार माहिती असलेल्या जवानांनी ते चालवलं, आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार झाली.

या बादल्यांपाशी मी दर वेळी थांबतो. कडाक्याची थंडी, शत्रू जवळ आलेला, आणि ही माणसं पाणी भरतायत.

त्याच पेट्यांवर पुढची तीन वर्षं उभी राहिली. युनिटचा एक भाग राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर आघाडीवर, दुसरा देगूमध्ये. तिथे कोरियन नागरिकांवरही उपचार व्हायचे. 23 मार्च 1951 ला मुनसानजवळ अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर आपल्या बारा जणांनी उडी घेतली, रंगराज स्वतः त्यांत होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. युनिटने कोरियात तपासलेल्या रुग्णांचा आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. साडेतीनशे माणसांनी हे कसं पेललं असेल, याचा हिशेब मी त्याच कामात आयुष्य काढूनही लावू शकत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आग्र्याहून 60 पॅराच इस्केंदेरुनला गेलं. टीव्हीवर त्यांचं फील्ड हॉस्पिटल दिसलं तशी मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली, 'अगं लवकर ये, आमची माणसं पोचली बघ.'