आधी काय केलंस?

नववीत असताना आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी विजेची घंटा केली होती. खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळली, सेल जोडले, पण घंटा मुकीच. सेल बदलून पाहिले, पत्ती नवीन आणली, तरी काही होईना. रडकुंडीला आले तेव्हा विज्ञानाच्या बाई शेजारी येऊन बसल्या. घंटेला त्यांनी हातही लावला नाही. "आधी काय केलंस ते सांग गो. अगदी पहिल्यापासून." सांगता सांगता तारेपाशी आले आणि माझं मलाच उमगलं. तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. टोकं खरवडायची राहून गेली होती. ब्लेडने ती खरवडली आणि घंटा वाजली.

दहावीनंतर पणजीच्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला आणि २००६ साली वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागले. त्याच वर्षी १ जुलैपासून युरोपीय संघात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावरचे निर्बंध लागू झाले. सोल्डर म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा, वितळवून वापरायचा मिश्रधातू. शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं, बिनशिशाच्या नव्या सोल्डरला २१७ च्या वर न्यावं लागे. जुन्या माणसांनाही हात नव्याने बसवावा लागत होता, म्हणून त्यांच्याबरोबरच मीही शिकले.

सरस्वतीपूजनाला आपण भोकांच्या छाप्यातून रांगोळी घालायचो, आठवतं? सर्किट बोर्डावर पेस्ट चढवतात ती तशीच. पोलादी पत्र्याचा स्टेन्सिल बोर्डावर घट्ट बसतो, पात्याने करडी सोल्डर पेस्ट, म्हणजे सोल्डरच्या बारीक कणांचा लगदा, त्यावरून ओढतात आणि भोकांखालच्या तांब्याच्या टिकल्यांवर तेवढीच ती उतरते. मग मशीन रिळांतले भाग उचलून एकेका जागी ठेवतं. यातले काही रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला रोध करणारे भाग, एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, शिंकलं तर उडून जातील असे. शेवटी बोर्ड पट्ट्यावरून भट्टीत जातो.

त्या भट्टीत काय होतं ते मी पहिल्यांदा प्रशिक्षणाच्या छोट्या ओव्हनच्या काचेतून पाहिलं. राखेसारखी करडी पेस्ट बघता बघता चांदीसारखी चकाकली आणि तिरका बसलेला एक रेझिस्टर हळूच वळून सरळ झाला. कोणी त्याला स्पर्श केला नव्हता. वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणाने तो ओढला गेला. सातवी-आठवीत पाण्यावर टाचणी तरंगवताना शिकलेला हा शब्द असा समोर उभा राहिला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.

पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी तपासणीत बोर्डामागून बोर्ड नापास होऊ लागले. भिंगाखाली टिकल्यांभोवती सोल्डरच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या. अशी एक गोळी सुटून एखाद्या भागाच्या दोन पायांमध्ये अडकली तर शॉर्टसर्किटच. सगळ्यांची नजर भट्टीकडे. तापमान तपासलं, पट्ट्याचा वेग बदलला, गोळ्या तशाच. मला बाई आठवल्या. वहीत मी सकाळपासूनचा क्रम लिहून काढला आणि पहिल्याच ओळीला थबकले. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर चारेक तास बंद डबीतच ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची असते. ती डबी मी अर्ध्या तासात उघडली होती. आपल्याकडची आषाढातली हवा! थंड पेस्टवर दव धरलं, भट्टीत त्याची वाफ झाली आणि तिने सोल्डर उडवलं. सुपरवायझरना मी लगेच सांगितलं. त्यांनी डबीवर बाहेर काढल्याची वेळ लिहायची पद्धत सुरू केली. ती आजही चालू आहे.

आता माझ्या हाताखाली पेडण्याच्या, सत्तरीच्या मुली शिकतात. बिघाड दाखवायला आल्या की मी भट्टीपाशी जात नाही, त्यांना पहिल्यापासून सांगायला लावते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या प्रयोगशाळेसाठी मी तीन बोर्ड दिले आहेत: एक कोरा, एक भाग बसवून पूर्ण झालेला आणि एक गोळ्यांचा, नापास झालेला. मुलांनी ते हातात घेऊन पाहावेत. सोबत भिंग ठेवलं आहे, कारण गोळ्या नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत.