सरळ हँडल काढून मागे वळलेलं बसवलं, २६० रुपयांत

पांदणीतून रोज वावरात जायचं तर सरळ हँडलवर सगळा भार मनगटांवर येतो. म्हणून २६ इंची सायकलला मागे वळलेलं हँडल लावलं. भंगारातलं लेडीज सायकलचं हँडल १२० रुपये, केसिंगसह (वायरीवरच्या नळीसकट) दोन ब्रेक वायरी ९०, ग्रिप ५०. ब्रेकचे लिव्हर जुनेच.

भंगारात काळ्या सायकलचंच हँडल जास्त सापडतं. ते घेऊ नका. त्याची उभी दांडी हँडलला पक्की जोडलेली असते, गजाच्या ब्रेकचे खटकेही त्यावरच. वायरचे लिव्हर बसवायला सरळ जागा उरत नाही.

माप दोऱ्यानं घ्या. हँडलच्या मधल्या भागाला एक वेढा ८० मिमी भरला तर जाडी २५.४ मिमी, ७० भरला तर २२.२. मुठीच्या जागी ७० हवा, मध्ये तुमच्या स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या उभ्या दांडीच्या, पकडीइतका. माझ्या पकडीला ८० लागला. किंचित ढिलं असेल तर कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी चालते; ७०चं हँडल ८०च्या पकडीत पट्ट्या कोंबून बसवलं, तर पहिल्याच खड्ड्यात फिरतं.

स्टेमचा वरचा बोल्ट तीन फेरे ढिला करा, पूर्ण काढू नका. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की आतली पाचर सुटते. माझी गंजून धरली होती. रात्रभर डिझेल सोडलं, सकाळी दुसऱ्या ठोक्याला सुटली. परत बसवताना दांडीला ग्रीस लावलं. दांडीवरची खुणेची रेघ बाहेर दिसू देऊ नका, तेवढी आत नसेल तर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची नळी तडकू शकते. हँडलचा बाक पकडीतून जाईना, तेव्हा फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती जराशी फाकवली.

खरी डोकेदुखी वायरींची. लिव्हर वीतभर मागे येतात, जुन्या वायरी पुरत नाहीत. केसिंग कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लांबी बघा. आखूड राहिलं तर वळताना ब्रेक आपोआप लागतो. कापलेलं तोंड कानशीनं सपाट करा आणि आतलं भोक खिळ्यानं मोकळं करा. हे मी आधी केलं नव्हतं, म्हणून मागचा ब्रेक दाबला की परत सुटेना. वायर तोडायच्या जागी आधी फेविक्विकचा थेंब टाकला, तर तारा उसवत नाहीत.

शेवटी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि मुठींवर अंगाचा भार टाकून पाहिलं. मूठ किंचित खाली झुकलेली ठेवली, वळताना गुडघ्याला लागत नाही ना तेही पाहिलं.

स्वस्त ग्रिप मे महिन्यात चिकट होतात. त्यांवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे.