वाट लावली!

म्हापशात रस ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभे होतो. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे आमच्या गोव्याच्या मसालेदार कालवणाचा, रस. भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, बघ, वाट लावली!"

फोटोत काळ्यापांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेली पोर्शे ९११, ती जर्मन स्पोर्ट्स कार. नवं रूप येणार म्हणे. दिवे धड दिसत नव्हते, पण ह्याचं सुतक सुरू!

ह्याच्याकडे आहे आईची जुनी ॲक्टिव्हा. ९११ दिसते ती एखाद्या शनिवारी, परराज्यातली नंबरप्लेट लावून कळंगुटच्या ट्रॅफिकमध्ये आमच्याच मागे अडकलेली. पण तिची कुंडली त्याला तोंडपाठ. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ म्हणून आली. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्यूजो ह्या फ्रेंच गाडी कंपनीने बजावलं, म्हणून ९११. इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं. १९९७ च्या मॉडेलात हवेच्या जागी पाणी आलं, आणि गोल दिवे जाऊन खाली ओघळलेले दिवे आले. लोकांनी त्यांना 'तळलेलं अंडं' म्हणून हिणवलं. माझी नजर तव्यावर गेली. कुणाच्या तरी हाफ-फ्रायचा पिवळा बलक फुटून तसाच कडेला पळत होता. नाव ठेवणारा माणूस रसिक असणार.

"मग?"

"मग २००४ ला दिवे परत गोल. म्हणून आधीच बोंब मारायची."

ह्यावर काय बोलणार! पण त्याचं खरं दुःख वेगळंच होतं. २०२४ च्या बदलात मधल्या मीटरचा खरा काटा जाऊन स्क्रीन आली, आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला फिरवून गाडी चालू करायची खुंटी गेली. तिथे आता बटण.

"तू कधी फिरवलीस ती?"

"फिरवली असती ना, मामा!"

मी हसलो खरा, पण मला आमची चेतक आठवली. पावसाळ्यात सकाळी रुसायची. मग तिला अंगावर कलती करायची, पोटात पेट्रोल डुचमळू द्यायचं, आणि सरळ करून सणसणीत किक. बटणाच्या स्कूटरी आल्यावर मी घरात वर्षभर कुरकुरत होतो.

"कलती म्हणजे कशी?" भाच्याने विचारलं.

"अशी," म्हणून मी दाखवली. हातात प्लेट आहे हे विसरून. शागुतीचा गरम रस थेट चपलेवर.

गाडेवाल्याने रसाची पळी उचललीच होती. "पात्रांव, रस आनीक जाय?"