हरलास की रं

माझा आत्तेभाऊ कोल्हापूरचा, पक्का पाटाकडील तालमीचा (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमा तालमींच्या असतात). आणि मी सांगलीत बसून मँचेस्टर युनायटेडचा, म्हणजे इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबचा. लग्नात म्हणा बारशात म्हणा, भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत त्याचं सुरू होतं, तुझं टीव्हीवरचं प्रेम भावा, मँचेस्टर कुठल्या दिशेला हाय ते तरी दाखव. मला खरंच दाखवता येत नाही. पासपोर्टपण काढला नाही अजून.

या आत्तेभावाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं असं की कोल्हापुरात टीम निवडायची नसते, ती मिळते. बाप त्या तालमीचा, चुलता त्या तालमीचा, तू वेगळा कुठनं होणार. शाहू स्टेडियमला त्याच्याबरोबर दोन-तीनदा गेलोय मी, एकदा दिलबहार तालमीशी मॅच होती, नुसती ईर्षा, शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसलेले, ते रेफ्रीला जे काय बोलत होते ते मी आमच्याकडं कुस्तीच्या फडातपण ऐकलेलं नाही, आणि गोल झाल्यावर ओळख ना पाळख त्यांनी मला अशी मिठी मारली की चष्मा गेला माझा खाली. हे आपल्याकडं नाही, मान्य. सांगली विजय हजारेंचं गाव, इथं पोरगं चालायला लागलं की हातात बॅट देतात, फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात चिखल करायचं निमित्त.

मग मी युनायटेडचा कसा झालो? सरळ सांगतो, ते जिंकत होते म्हणून. 21 मे 2008, मॉस्कोत चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेची फायनल, युनायटेड विरुद्ध चेल्सी, आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू. दहावी देऊन रिकामा बसलेलो, लोडशेडिंगचे दिवस, लाईट आहे तोवर बघू म्हणून टीव्ही लावला आवाज बंद करून, आणि लाईट गेलीच नाही. तिकडं पाऊस, 1-1, एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. आमच्या रोनाल्डोनं घालवली, मला वाटलं संपलं, मग चेल्सीचा टेरी घसरला आणि बॉल पोस्टला लागून बाहेर. शेवटी आमचा गोलकीपर व्हॅन डर सारनं चेल्सीच्या अनेल्काची अडवली तेव्हा मी उशी तोंडात धरून ओरडलो. म्हणजे बघा, आजोबा-पणजोबांपासूनचं काही नाही, जिंकणाऱ्याच्या मागं जाणारा, ग्लोरी हंटर म्हणतात तोच मी.

पण मग 2013 ला आमचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले, क्लबची 20 वी इंग्लिश लीग जिंकून, शेवटची मॅच वेस्ट ब्रॉमशी 5-5 (असला निरोप कुणाला मिळतो का!), आणि तिथनं जी उतरण लागली ती लागलीच. माझ्याबरोबर कॉलेजात युनायटेडची जर्सी घालून फिरणारी पोरं हळूहळू मँचेस्टर सिटीची झाली, एक तर लिव्हरपूलचा झाला, त्याला मी आजही चहा पाजत नाही. मी का नाही बदललो याला माझ्याकडं धड उत्तर नाही. प्रयत्न केला होता. एक अख्खा महिना मॅच बघायची नाही असं ठरवलं, तर रात्री दोनला उठून स्कोअर बघायला लागलो, त्यापेक्षा मॅच बघितलेली बरी.

आणि निष्ठावंत म्हणजे काय हे तिकडच्या लोकांनाही एकमतानं ठरवता आलेलं नाहीये. 2005 ला अमेरिकेच्या ग्लेझर घराण्यानं युनायटेड क्लब घेतला, कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवलं. तेव्हा जन्मभर ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, जाणारी कितीतरी माणसं भडकून बाहेर पडली आणि स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, पार खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात. बाकीचे शिव्या घालत तिथंच बसले. आता यातला खरा फॅन कोण? दादाला विचारलं तर तो म्हणला, आपली तालीम सोडून दुसरी काढली की विषय संपला. मला तसं वाटत नाही. सोडून गेलेल्यांचा जीव जास्त जळला असणार, थांबणाऱ्यांना निदान शनिवारी कुठं जायचं ते तरी माहीत होतं.

5 मार्च 2023 चं तर बोलूच नये. लिव्हरपूलकडून 7-0. आठवड्यापूर्वीच लीग कप जिंकलेला म्हणून मी जरा हवेत, मुद्दाम भडंग वगैरे कालवून बसलो, हाफ टाइमला नुसतं 1-0 होतं, येऊ परत म्हणलं. पुढच्या अर्ध्या तासात भडंग मऊ पडलं. टीव्ही बंद केला नाही मात्र. सातही बघितले. सकाळी ऑफिसात कुणी युनायटेडला नावं ठेवली तर मीच त्याच्यावर चिडलो, खरं तर रात्री मी स्वतः त्याच्या दसपट घाण बोललो होतो.

मग 21 मे 2025. बरोबर 17 वर्षांनी तीच तारीख. यावेळी बिल्बाओ, युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेची फायनल, समोर इंग्लंडचंच टॉटनहॅम, जे लीगमध्ये शेवटी 17 वे आले आणि आम्ही 15 वे. दोन बुडालेल्या साखर कारखान्यांची निवडणूक म्हणा ना. त्या सीझनला त्यांनी आम्हाला आधीच तीनदा हरवलेलं, तरी मला आशा! हाफ टाइमच्या आधी ब्रेनन जॉन्सनचा एक लंगडा गोल, तोपण आमच्याच माणसाला लागून, तेवढाच. 1-0.

अडीच वाजले होते. आई पाणी प्यायला उठली, माझं तोंड बघितलं आणि काही न बोलता फॅन वाढवून गेली. तेवढ्यात मोबाईल वाजला. दादा.

"हरलास की रं."

मला वाटलेलं लिहील, तुझं मँचेस्टर हरलं. आणि रात्री अडीचला तो कोल्हापुरात जागा कशाला होता, ते मी अजून विचारलेलं नाही.