लक्षद्वीपचा किराणा

लक्षद्वीपविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतांशी पर्यटकांसाठी असते: परवाना कसा काढावा, अगत्तीच्या विमानाचे तिकीट कधी घ्यावे, कोणत्या बेटावर पाणी अधिक निळे दिसते. मला मात्र तिथल्या किराणा दुकानांविषयी जास्त कुतूहल वाटत आले आहे. तांदूळ, डाळ, कांदे, साखर, औषधे, सिमेंट, लोखंडी सळ्या, गॅसची टाकी, डिझेल यांपैकी काहीही त्या बेटांवर निर्माण होत नाही. एकूण ३६ बेटे, त्यांपैकी वस्तीची १०, सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६४,४७३ माणसे. प्रवाळाच्या चुऱ्याने बनलेल्या त्या रेताड जमिनीत माड उत्तम वाढतो, भात पिकत नाही. त्यामुळे रोजचे जेवण केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरून, २२० ते ४४० किलोमीटरचा समुद्र ओलांडून येते.

ही गरज आजची नाही. कण्णूरच्या अरक्कल घराण्याचा अंमल असताना बेटांवरचा काथ्या सत्ताधाऱ्यांनाच विकावा लागे आणि त्याच्या मोबदल्यात तांदूळ मिळे. काथ्याचा भाव आणि तांदळाचा भाव एकाच्याच हाती असल्यावर सौदा कोणाच्या फायद्याचा होत असेल, हे सांगायला नको. उत्तरेकडची अमिनदिवी बेटे पुढे दक्षिण कानडा जिल्ह्याला जोडलेली होती, म्हणून त्यांचा जुना व्यवहार मंगळूरशी. बाकीच्या बेटांचा ओढा मलबारकडे. २०२१ मध्ये प्रशासनाने मालवाहतूक कोळिकोडजवळच्या बेपूर बंदरातून मंगळूरला हलवण्याचे ठरवले, तेव्हा केरळात त्याला जोरदार विरोध झाला. तो वाद बातम्यांत राजकीय म्हणून रंगला. पण कोणत्या बंदरात आपल्या ओळखीचा व्यापारी आहे, कोण उधारी देतो, आपली भाषा कोणाला कळते, हे प्रश्न बेटावरच्या दुकानदारासाठी राजकारणाइतकेच महत्त्वाचे असतात. मंगळूरच्या जुन्या धक्क्यावरून खडी, सिमेंट, विटा, भाजीपाला आणि जनावरेसुद्धा इंजिन बसवलेल्या लाकडी गलबतांतून बेटांकडे जातात. खडी समुद्रातून मागवावी लागते याचे पर्यटकांना नवल वाटते, परंतु ज्या बेटाचा पायाच प्रवाळाचा आहे तिथे घर बांधण्यासाठी दगड कुठून आणणार?

माझ्या मते या वाहतुकीतला सर्वांत अवघड टप्पा समुद्राचा नाही, शेवटच्या एक-दोन किलोमीटरचा आहे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, तिच्या आत उथळ लगून, म्हणजे भिंतीने अडवलेले समुद्राचे पाणी. मोठे जहाज आत येऊ शकत नाही. काही बेटांवर पूर्वेकडे धक्के बांधल्यामुळे परिस्थिती सुधारली आहे, पण जिथे ती सोय नाही किंवा समुद्र खवळलेला आहे तिथे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माल लहान होड्यांत उतरवून भिंतीतल्या खिंडीतून आत आणला जातो. कोकणात आगबोटीतून पडावात उतरलेली जुनी माणसे हे वर्णन लगेच ओळखतील. सिमेंटचे पोते बंदरात चढवा, समुद्रात होडीत उतरवा, किनाऱ्यावर पुन्हा उचला. दर खेपेला मजुरी वाढते आणि पोते भिजण्याची शक्यताही.

पावसाळ्यात हे सारे आणखी बिकट होते. साधारण १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात गलबतांना समुद्रबंदी असते. मोठी जहाजे चालू राहतात, पण लाटांमुळे माल उतरवता येईलच याची खात्री नसते. म्हणून बंदीपूर्वीच तांदूळ, इंधन आणि इतर जिन्नस भरून ठेवावे लागतात. आपल्याकडे आगोटीच्या आधी घराघरात जी धावपळ होई, ती इथे सरकारी गोदामापासून सहकारी संस्थेच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालते. गोदाम लहान असेल तर जहाजे कितीही असोत, ऑगस्टमध्ये टंचाई ठरलेली.

साठवणीचा भावावर किती परिणाम होतो हे मार्च २०२४ मध्ये आकड्यांत दिसले. त्याआधी अंद्रोत आणि कल्पेनी इथे पेट्रोल लिटरला सुमारे ११६ रुपये, तर कवरत्ती आणि मिनिकॉय इथे सुमारे १०६ रुपये होते. मग चारही बेटांवर तो भाव सुमारे १०१ रुपयांवर आला. एकाच समूहातल्या बेटांमध्ये लिटरमागे दहा रुपयांचा फरक होता, आणि तो तेलाचा नव्हता, ने-आण आणि साठवणीचा होता. डिझेलचे महत्त्व तर त्याहून मोठे. सौरऊर्जा वाढत असली तरी विजेचा मोठा भाग अजूनही डिझेलच्या जनित्रांतून येतो. कवरत्तीत २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला, त्यालाही वीज लागतेच. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा काही भागसुद्धा जहाजाच्या वेळापत्रकावर अवलंबून.

परतीच्या फेरीत खोबरे, नारळ आणि मिनिकॉयची उकडून, धुरवून सुकवलेली टुना मासळी, ज्याला तिथे मास म्हणतात, एवढेच मुख्यत्वे निघते. येताना भरलेले गलबत जाताना बरेचसे रिकामे असेल, तर दोन्ही फेऱ्यांचा खर्च येणाऱ्या मालाच्याच भाड्यातून काढावा लागतो. आता पर्यटन वाढवण्याच्या योजना जोरात आहेत. त्यांना माझा सरसकट विरोध नाही, परंतु प्रत्येक नव्या खोलीसाठी सिमेंट, गाद्या आणि वातानुकूलन यंत्रे त्याच होड्यांतून उतरणार आहेत, आणि पाहुण्यांचे जेवणही त्याच गोदामांतून जाणार आहे. नव्या रिसॉर्टची परवानगी देताना त्या बेटावर चार महिन्यांचा साठा मावेल एवढे गोदाम आणि पावसाळ्यातही माल उतरवता येईल असा धक्का आहे की नाही, ही पहिली अट असावी असे मला वाटते. सध्याच्या चर्चेत विमानतळाच्या धावपट्टीविषयी जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्मेही या दोन गोष्टींविषयी बोलले जात नाही.