दुसरा खण

रविवारी दुपारी दीडच्या सुमारास पुण्याची गाडी गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळच्या अंगणातून वळून रस्त्याला लागली आणि हात हलवून झाल्यावर मी सवयीने पाहुण्यांच्या खोलीत जाऊन कपाट उघडले. दुसरा खण जसाच्या तसा होता. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यातल्या जुन्या चादरी हलवल्या होत्या, तळाशी ताजे वर्तमानपत्र अंथरले होते, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून दार बराच वेळ उघडे ठेवले होते. त्या वर्तमानपत्राला साधी चुणीसुद्धा पडली नव्हती.

दर वेळी असेच होते आणि दर वेळी मी तो खण रिकामा करते. घरातले हसतात. माझ्या मावसभावाचा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी जोडून सुट्टी आली की येतात. शुक्रवारी रात्री दहाला निघायचे, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी अशी टोलनाक्यांची जपमाळ ओढायची, निपाणीला वळून आजऱ्यावरून पहाटे आंबोलीचा घाट उतरायचा, आणि सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करीत शनिवारी सकाळी आठाला आमच्या दारात हॉर्न वाजवायचा. त्याच वेळी पाववाल्या पोदेराचाही हॉर्न वाजत असल्यामुळे नक्की कोण आले हे मला खिडकीतून पाहावे लागते. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता जाऊन-येऊन वीस तास खातो, आणि या वेळी मी मुद्दाम मोजले, आमच्या घरी ती माणसे साडेएकोणतीस तास होती. त्यातले नऊ तास झोपेचे. उरलेल्यात म्हाळसा, मंगेशी, जेवण, संध्याकाळी समुद्र, रविवारी सकाळी शांतादुर्गा, पुन्हा जेवण. रविवारचे इसवणाचे हुमण, म्हणजे माशाची आमटी, पानात पडते तेव्हा भाच्याचा एक डोळा घड्याळावर असतो, कारण उशीर झाला तर मध्यरात्री पुण्यात शिरावे लागते आणि सोमवारी सकाळी नऊला त्याला हिंजवडीत कुणाशी तरी बोलायचे असते.

मला त्याच्या घाईचा राग नाही. माझा राग, किंवा विक्षिप्तपणा म्हणा, त्या बॅगेवर आहे. ती खोलीतल्या खुर्चीवर आ वासून बसलेली असते. तिच्यातून एक सदरा निघतो, एक टॉवेल निघतो, ओली पोहण्याची चड्डी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत आत जाते, दात घासायचा ब्रशसुद्धा वापरून झाल्यावर तिच्याच बाजूच्या कप्प्यात मुक्कामाला जातो. चपला न काढता ओटीवर टेकलेल्या माणसासारखी ती बॅग मला दिसते. ती आली आहे, पण बसलेली नाही. “अगं आत्या, एका रात्रीसाठी कशाला कपाटात लावायचं सगळं?” असे भाचा विचारतो आणि त्याचे म्हणणे बिनतोड असते. मी लग्नाकार्याला पुण्याला जाते तेव्हा माझीही बॅग त्याच्या घरी अशीच खुर्चीवर बसते, हे त्याने अजून मला सुनावलेले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

गाडीच्या डिकीत मात्र उलटे घडते. येताना जवळजवळ रिकामी असणारी डिकी जाताना लागत नाही. नारळ, भिरंडीची म्हणजे कोकमाची सोले, आळसांद्याची कडधान्ये, वर कागदात बांधलेले उंडे पाव, जे साताऱ्यापर्यंत दगड होतात हे ठाऊक असूनही तो दर वेळी नेतो. म्हणजे इथून जे न्यायचे त्याला जागा आहे, इथे जे ठेवायचे तेवढे काही नाही.

शनिवार-रविवारी आमच्या देवळाबाहेर उभ्या राहणाऱ्या एमएच-१२, एमएच-१४, एमएच-०२ गाड्यांच्या काचांतून मागच्या सीटवरच्या अशा कितीतरी अर्धवट उघड्या बॅगा मला दिसतात. गंमत अशी की ही सगळी मंडळी ज्या देवांना भेटायला येतात, ते देव स्वतः पोर्तुगिजांच्या धाकाने असेच घाईघाईने निघून आलेले आहेत. मंगेश १५६० साली कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, म्हाळसा त्याच शतकात वेर्ण्याहून इथे आली. पाठीवर काय घेऊन आले असतील भक्त, कोण जाणे. पण बॅग खुर्चीवर ठेवून चार दिवस बघू, असे नक्कीच ठरले असेल. साडेचारशे वर्षे झाली. वेर्ण्याच्या जुन्या जागेला अजून जुने म्हार्दोळ म्हणतात आणि आमच्या गावाला नुसते म्हार्दोळ.

खणाची ही खोड मला आईकडून लागली, आणि तिला ती तिच्या बहिणीमुळे. मावशी गिरगावात दिलेली. लग्न होऊन वर्ष उलटते न उलटते तोच १९५५ सालचा गोवामुक्तीचा सत्याग्रह झाला, सीमेवरच्या पत्रादेवीला गोळ्या झाडल्या गेल्या आणि सीमेवरची ये-जा जवळजवळ थांबली. ती पुन्हा माहेरी आली ती १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतर, कडेवर मूल घेऊन. त्यानंतर दर मे महिन्यात ती येत राहिली. मला आठवते ती सत्तरच्या दशकातली मावशी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे, आणि तिथून बसने ती, दोन मुले, एक वळकटी आणि हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी असा लवाजमा येई. पेटीवर पांढऱ्या रंगात तिच्या सासरचे नाव होते. ओटीवर पाणी पिऊन झाले की मावशी पहिले काम करी ते पेटी रिकामी करण्याचे. वरच माहीमचा हलवा असे, तो आम्हा मुलांच्या हातात पडे, आणि मग एकेक लुगडे आईने मोकळ्या करून ठेवलेल्या दुसऱ्या खणात जाई. शेवटी पेटी उलटी करून तिने तळावर थाप मारली की बाबा ती उचलून माळ्यावर टाकत.

पेटी माळ्यावर गेली म्हणजे मावशी राहणार. “कधी जाणार?” हा प्रश्न विचारायला आम्हाला सक्त मनाई होती आणि त्याची गरजही नव्हती. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटाकडे एक दिवस बाबा शिडी लावीत, माळ्यावरून पेटी खाली येई, तिच्यावरची धूळ आई ओल्या फडक्याने पुसू लागे आणि आमचे तोंड वाकडे होई. कॅलेंडरापेक्षा त्या पेटीवर आमचा विश्वास अधिक होता.

मावशी शेवटची आली ती सात वर्षांपूर्वी, याच नातवाच्या गाडीतून. तोवर ती मुलाकडे पुण्याला राहत होती आणि ऐंशी ओलांडून गेली होती. एवढा रात्रभराचा प्रवास तिला झेपेल का, यावर दोन्ही घरांत फोनाफोनी झाली होती. भाचा सांगत होता की वाटेत ती एकदाही काही बोलली नाही. फक्त पत्रादेवीला तिने काच खाली करायला लावली आणि गाडी पुढे गेल्यावर पुन्हा वर करायला सांगितली.

सकाळचा चहा झाल्यावर ती पाहुण्यांच्या खोलीत गेली. इतरांच्या बॅगा तिथे खुर्चीवर, पलंगावर, जमिनीवर पसरल्या होत्या. तिने आपल्या छोट्या एअरबॅगेतून दोन सुती लुगडी काढली, कपाट उघडून दुसऱ्या खणात ठेवली, त्यांच्या शेजारी चष्म्याचे घर आणि गोळ्यांची डबी ठेवली. मग बॅग उलटी करून तळावर थाप मारली आणि मला म्हणाली, “ही माळ्यावर टाकायला सांग.”

कोणाला सांगायचे ते तिने म्हटले नाही. बाबा जाऊन तोवर वीस वर्षे होऊन गेली होती. मी स्टूल आणले, कंबर सांभाळत वर चढले आणि ती बॅग माळ्यावर सारली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला निघणार होती.