आजीचं तोंड चालत नाही

सकाळी सव्वादहाच्या सुमारास आईचा फोन आला की मला कळतं, अंगणवाडीचं ॲप अडकलं. "अरे, नुसतं गोल गोल फिरतंय." माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. आई इथून चौदा किलोमीटरवर, आमच्या गावात अंगणवाडी सेविका. तिच्या नोकरीचा फोनवरचा भाग मी सांभाळतो, असं म्हणायला हरकत नाही. फुकट.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की निम्मं रिकामं. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोड्या मुकादमाच्या ट्रकात बसून कोल्हापूर-सांगलीकडं, काही पार कर्नाटकात. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. लेकरं काही उसाच्या फडावर जातात, काही आजीपाशी राहतात.

तर नोव्हेंबरातली गोष्ट. एक म्हातारी दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आली. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायला पाकिटातला आहार मिळतो, तो न्यायला. पण १ जुलै २०२५ पासून त्यासाठी चेहरा पटवावा लागतो. आधी आधारची केवायसी, त्याचा ओटीपी, मग फोटो, डोळ्यांची उघडझाप, आणि मग पाकीट. नोंद होती पोरीच्या आईच्या चेहऱ्याची. ती फडावर.

"आवं बाई, हिला संभाळते मी, अन् माझंच तोंड चालंना व्हय?"

म्हातारीची केवायसी करून बघावी, तर तिच्या आधारला जोडलेला नंबर रिचार्जविना कधीच बंद पडलेला. मग आईनं फडावर फोन लावला. सुनेचा ओटीपी येतो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल कोपीवर, म्हणजे त्यांच्या तिथल्या झोपडीत, डिस्चार्ज. मी इकडून आईला "पुन्हा पाठवा दाबा, पुन्हा पाठवा" सांगतोय आणि दुकानात माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं उभी.

खोटी नावं लावून आहार उचलला जाऊ नये म्हणून हे सगळं आहे, ते मला पटतं. या धंद्यात कागदावरची माणसं मीही पुष्कळ पाहिलीत. पण त्या दिवशी लेकरू खरं होतं, आजी खरी होती, भूकही खरी होती. खोटं कुणीच नव्हतं आणि पाकीट कपाटात राहिलं.

आई मात्र कपाटाकडं बघत बसली नाही. तिनं दंडघेर मोजायची पट्टी काढली. माझ्या दुकानातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मला ही पट्टी भारी वाटते. डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची, आवळायची नाही, ढिली सोडायची नाही. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच डॉक्टरांकडं. पोरीचा दंड भरला ११.८.

"उद्यापासून रोज अकराला आणून सोडायची," आई म्हातारीला म्हणाली. गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, ही दोनच वर्षांची. नियमात बसत नाही. आईनं तिला मोठ्या पोरांच्या रांगेत बसवलं आणि मदतनीस मावशींनी वाटीत खिचडी वाढली. हजेरीत नाव नाही.

याच आईनं २०२१ मध्ये सरकारी मोबाइल परत केला होता. राज्यभर सेविकांनी केले तेव्हा. रॅम इतकी कमी की ॲप उघडेपर्यंत पोरं घरी जायची. ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवसांचा संप झाला, त्यातही ती होती. तेव्हा मानधन दहा हजार. तेही पगार नव्हे, मानधन. तिच्या मते सगळा घोळ त्या एका शब्दात आहे, आणि त्यावर ती बोलायला लागली की भाजी करपते.

माझ्या दुकानात योजना येतात त्या कागदांच्या रूपात. लेक लाडकीचंच घ्या. १ एप्रिल २०२३ ला किंवा नंतर जन्मलेली मुलगी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड. जन्मल्यावर पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ, अठरा पूर्ण झाली की पंचाहत्तर, मिळून एक लाख एक हजार. वाईट नाही. एक बाप मोबाइलवर बेरीज करून हसत गेलेला मी पाहिलाय. अर्ज द्यायचा तोही अंगणवाडीतच. म्हणजे फिरून आईच.

ओटीपीचं रोज चाललंच होतं. तीनेक आठवड्यांनी मी गावी मुक्कामाला होतो. रात्री साडेनऊला आईचा फोन वाजला. फडावरून, त्या पोरीची आई. मागं मोळ्या भरायचा आरडाओरडा.

"बाई, आत्ता चार्जिंग झालं. त्यो नंबर आलाय बघा. सांगू का?"

नंबर सकाळचा. केव्हाच बाद झालेला.

"नंबर ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पोरीचा दंड बारा पूर्णांक एक भरला आज. तू जेवलीस का?"